मांदेलीच्या घरात मेजर

शिवदास तांडेलानं वासराएवढा विलायती कुत्रा घरात आणला, तो केवळ दोन सुक्या बोंबलांपायी. (तसे ते दोनच नव्हते. पण सुरुवात दोनापासून झाली, एवढं खरं.)

काशीदच्या अलीकडे दर्याला चिकटून जो कोळीवाडा आहे, तिथला हा शिवदास, होडीचा म्होरक्या म्हणजे तांडेल. होडी हाकण्यात पट्टीचा, मिशी राखण्यात त्याहून पट्टीचा, आणि एकदा हट्टाला पेटला की साक्षात ब्रह्मदेव खाली उतरला तरी ऐकायचा नाही. पण हा एवढा मोठा तांडेल स्वतःच्या दारात मात्र पाहुणा होता. कारण त्या कोळीवाड्याचा एक कायदा आहे आणि तो सरकारच्या कायद्याहून कडक आहे. मासळी होडीत असेपर्यंत पुरुषाची, टोपलीत पडली की बाईची. सुकवायची बाईनं, राखायची बाईनं, बाजारात न्यायची बाईनं. पुरुषानं ताटात पडेल तेवढी खायची आणि गप उठायचं.

शिवदासाची बायको वेणूबाई हा कायदा फार चोख पाळायची. दारापुढे वलांड्या, म्हणजे बांबू आडवे बांधून केलेले उंच मांडव. त्यांच्यावर बोंबील जोडीजोडीनं टांगलेले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. कुठल्या बांबूवरची जोडी हलली हे वेणूबाई आत चुलीपाशी बसून सांगायची. बाईला डोळे किती होते हे शिवदासाला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलं नव्हतं.

आणि शिवदासाचा जीव नेमका त्या बोंबलांत. दुपारी गाव जेवून आडवं झालं की हा हळूच वलांडीपाशी यायचा, एक जोडी काढायचा, निखाऱ्यावर खरपूस भाजायचा आणि वर माडीचा घोट घ्यायचा. अहाहा! जन्माला आल्याचं सार्थक व्हायचं. (ह्याला कुणी चोरी म्हणेल. म्हणू दे. बोंबील दर्यातनं काढला कुणी?)

राखणीला मांदेली होती. मांदेली म्हणजे त्यांची कुत्री. मांदेली मासळीसारखीच बारकी आणि पिवळी, म्हणून ते नाव. कावळा असो, मांजर असो, गावचा पोळ असो, वलांडीजवळ फिरकायची कुणाची टाप नव्हती. फक्त शिवदास आला की ती भुंकायची नाही. बोंबलांची डोकी तिला मिळायची. ती खाऊन ती दर्याकडे बघत बसायची, जशी काही तिकडे मोठी गंमत चालली आहे.

सगळं सुरळीत होतं. पण त्या साली थंडीत शिवदासाला भूक जरा जास्त लागली. एके संध्याकाळी वेणूबाई पदर खोचून उभी राहिली.

"अवो, बोंबील जातान कुठं?"

आता 'मला काय म्हाईत' म्हणून गप्प बसावं की नाही? पण नाही! शिवदासानं तोंड उघडलं.

"अंबाजीचा कुत्रा नेत असंल."

अंबाजी म्हणजे कुडापलीकडचा शेजारी. तो नेमका कुडापलीकडेच जाळं विणत बसला होता. तो उठून आला तो आपला कुत्रा काखेत घेऊनच. कुत्रा इतका म्हातारा की अंगणातून पडवीत यायचं तर वाटेत एकदा बसून घ्यायचा.

"ह्यो नेतो? ह्याच्या तोंडात दात दाखव मला! वयनी, तुमीच बगा. आनि समजा नेला. मग तुमची मांदेली भुंकली का न्हाय?"

वेणूबाईनं मांदेलीकडे पाहिलं. मांदेलीनं दर्याकडे पाहिलं. मग वेणूबाईनं सावकाश मान वळवून शिवदासाकडे पाहिलं, आणि शिवदासानं झटकन मिशी पुसली. मिशीला भाजक्या बोंबलाचा वास अजून येत असावा असा त्याला भास झाला.

"मांदेली ल्हान हाय!" तो ओरडला. "तिच्याच्यानं राखन व्हत न्हाय. ह्या घराला मोठा कुत्रा पायजेल, मोठा!"

"आन की मग," अंबाजी म्हणाला.

"आनतो!"

"मांदेली ऱ्हाऊ देईल त्याला?"

"न देऊन जाते कुठं? आनीन, आनि ह्याच अंगनात नांदवून दाखवीन. न्हाय नांदला तर ही मिशी उतरवीन, शिमग्याला, भर होळीपुढं!"

झालं! तोंडातून गेलं ते गेलं. ती मिशी म्हणजे साधी मिशी नव्हे. शिवदासाच्या बापाची तशीच होती, आज्याची तशीच होती, आणि वाऱ्याचा रोख बघायला तांडेलाला शिडापेक्षा मिशीच बरी पडते अशी गावात थट्टा होती. ती मिशी त्यानं स्वतःच्याच चोरीवर पहारा बसवण्यासाठी गहाण टाकली. ह्याला म्हणतात अक्कल.

आता मोठा कुत्रा आणायचा कुठून? तर अलिबागेला शिवदासाचा दोस्त होता मकसूद, एका गोऱ्या साहेबाकडे खानसामा. साहेब पेन्शनीत निघून विलायतेला चालला होता आणि त्याचा कुत्रा मागे राहत होता. मकसूदनं तो बैलगाडीत घातला आणि घेऊन आला. कुत्र्याचं नाव मेजर. जात कोणती ते साहेब सांगायचा, पण तो उच्चार मकसूदच्या जिभेला कधी झेपला नाही. रंग राखाडी, गाल लोंबते, पंजे भाकरीएवढे, आणि तोंडावर सदा असा भाव की घरात कुणी तरी वारलं आहे.

गाडीभोवती गाव जमलं. अंबाजीनं नुकतीच खादीची टोपी घेतली होती आणि त्या दिवसांत विलायती कापडाच्या होळ्या जागोजागी पेटत होत्या. तो गाडीपुढे आडवाच झाला.

"ह्यो विलायती हाय. विलायती मालावर गावाचा बहिष्कार हाय!"

"माल तुझा बा!" शिवदास गाडीवरूनच गरजला. "ह्यो जनावर हाय. साहेबाचा पाव सोडून कोळ्याच्या भाकरीला आलाय. ह्याच्यापरीस मोटा सत्याग्रह तू तरी केलायस का?"

अंबाजी टोपी सावरत बाजूला झाला. गाव हसलं. शिवदासानं मिशीला पीळ दिला आणि मेजरची साखळी धरून ऐटीत अंगणात शिरला. ती ऐट अंगणाच्या निम्म्यापर्यंत टिकली.

मांदेली वलांडीखाली बसली होती. तिनं मेजरला वरून खालपर्यंत पाहिलं. पळून न जाता, ओरडून गाव गोळा न करता ती सरळ उठली, त्याच्या पोटाखालून पलीकडे गेली आणि त्याच्या शेपटीला कडकडून चावली. मेजरनं जो टाहो फोडला, तो ऐकून अंबाजीची टोपी पडली. मग मेजर पळाला. पुढे मेजर, साखळीला धरून मागे शिवदास, आणि त्याच्यामागे मांदेली. पहिली वलांडी आडवी झाली. पाण्याचे हंडे गेले. मेजर घरात घुसला, चुलीमागच्या कोपऱ्यात डोकं खुपसून उभा राहिला आणि उरलेला मेजर सगळं स्वैपाकघर भरून राहिला.

वेणूबाई दारात आली. आडव्या वलांडीकडे, वाळूत पडलेल्या बोंबलांकडे, चुलीमागच्या त्या राखाडी डोंगराकडे आणि नवऱ्याकडे तिनं क्रमानं पाहिलं.

"अवो, राखनीला आनलाव का मोडायला?"

"नवीन हाय. रुळंल."

"ह्या घरात मांदेली आधी आली हाय. तिला न्हाय पटलं तर ह्यो जानार. शिमग्यापावतर वाट बगीन मी. मग मिशीचं तुमचं तुमी बगा."

"रुळंल म्हनतो ना!" शिवदास म्हणाला. त्याचा गुडघा फुटला होता, तरी आवाज तांडेलाचाच होता.

पुढचे काही दिवस नुसते हाल. मांदेली अंगणात असली की मेजर घरात, मांदेली घरात आली की मेजर माडाच्या विणलेल्या झापांच्या भिंतीतून बाहेर. (दारातून नव्हे. भिंतीतून.) अंबाजी रोज सकाळी कुडावरून विचारायचा, "तांडेल, वस्तरा लावून ठेवू का?" आणि शिवदास रोज सकाळी "शिमगा लांब हाय!" असं ओरडून झाप शिवत बसायचा. आतून मात्र त्याचा धीर सुटत चालला होता. त्याला मिशीशिवाय स्वतःचं तोंड डोळ्यांपुढे यायचं आणि जेवण जायचं नाही. बोंबील चोरायचीही सोय उरली नव्हती, कारण वेणूबाई आता दुपारी झोपत नव्हती.

शेवटी त्यानं मकसूदला बोलावणं धाडलं. मकसूद आला, मेजरचे कान कुरवाळले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"या अल्ला! मी सांगायचाच विसरलो. साहेब बोलला होता, दोन कुत्रे पैल्यांदा भेटवायचे ते कुनाच्याच नसलेल्या जागेत. जिथं ह्याचाही हक नाय, तिचाही हक नाय. मग झगडा होत नाय."

"आदी सांगायचं व्हतंस!"

"तू विचारलंस कुठं? साखळी घेतलीस आनि मिशी पिळत निघालास."

झालं, शिवदास जागा शोधायला लागला. अंगण तर मांदेलीचं. किनारा? तिथल्या वाळूवर ती रोज पहाटे हद्द तपासत फिरते. देवळात? तिथं तिला खोबरं मिळतं. मकसूदच्या भाऊबंदांच्या मोहल्ल्यात? दर जुम्म्याला हाडकांसाठी तिची फेरी तिथं ठरलेली. अंबाजीची माडांची वाडी होती, पण तिथं विलायती पायाला बंदी. शिवदास वाळूत फतकल मारून बसला, समोर बघितलं आणि एकदम मांडीवर थाप मारून उठला.

"मकसूद! दर्या! दर्या कोनाच्या बापाचा हाय का?"

आता हे कोळ्यालाच सुचावं. दुसऱ्या कुणी माळावर नेलं असतं, शेतात नेलं असतं. ह्यानं भरल्या दुपारी दोन कुत्रे आणि एक खानसामा होडीत घातले. दर्या कुणाचाच नसतो, हे खरं. पण मांदेली ज्या होडीत जन्मली ती हीच, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. ती उडी मारून नाळीवर चढली आणि होडीच्या टोकाला तांडेलासारखी छाती काढून उभी राहिली.

मेजरला किनाऱ्यावर जमलेल्या चौघांनी उचलून आत ठेवलं. पाणी गुडघाभर होतं तोवर तो गप्प बसला. होडी पहिल्या लाटेवर चढून उतरली, तसा त्यानं डोळे फिरवले. दुसरी लाट आली, तसं सकाळचं सगळं मकसूदच्या लेंग्यावर काढलं.

"तांडेल, परत फिरव!" मकसूद ओरडला.

"गप बस! वळख व्हतेय त्यांची!"

ओळख व्हायला मांदेली नाळीवरून खाली आली आणि मेजरपुढे उभी राहून नुसती एकदा गुरगुरली. बस्स! मकसूद लेंगा झटकण्यात गुंतला होता, तेव्हा मेजरला ह्या जगात आपलं म्हणावं असं एकच माणूस दिसलं, आणि ते वल्हं मारत होतं. त्यानं झेप घेतली आणि तो शिवदासाच्या मांडीवर येऊन बसला. सगळ्या मेजरचा भार एका काठावर आला, होडी कलली, आणि शिवदास, मेजर आणि वल्हं अशी सगळी वरात दर्यात गेली. मकसूद तेवढा फळीला मिठी मारून आत राहिला आणि सुचतील तेवढ्या दुवा म्हणू लागला.

तांडेल स्वतःच्या होडीतून पडला! तोही गावासमोर, वारा नाही, वादळ नाही, भर उन्हात! किनाऱ्यावर जे हसणं उठलं ते शिवदासाला पाण्याखालीही ऐकू आलं.

पण गंमत पुढेच आहे. मेजर पाण्यात गोल गोल फिरत होता. कुठं जावं त्याला कळेना. शिवदास त्याची साखळी धरायला गेला, तर त्यानं शिवदासाच्याच खांद्यावर चढायची खटपट केली. दोघेही बुडायची वेळ आली. तेव्हा मांदेलीनं एकवार सगळ्यांकडे बघितलं आणि उडी मारली. ती पोहत मेजरच्या नाकापुढे आली, एकदा भुंकली आणि किनाऱ्याकडे वळली. मेजर मुकाट्यानं तिच्या शेपटीमागे निघाला. आणि शिवदास? त्याचं धोतर पायात अडकलं होतं. त्यानं मेजरची शेपटी धरली. असे ते आले. पुढे मांदेली, मागे मेजर, सगळ्यांत मागे तांडेल. (मकसूदला मागाहून दुसऱ्या होडीनं ओढून आणलं.)

वेणूबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तिघांची डोकी वर दिसली तसा तिनं श्वास सोडला, आणि मग तिला भयंकर राग आला. तिनं शिवदासाचा ठेवणीतला पंचा आणला आणि मेजरला पुसायला घेतलं.

"आनि मला?" शिवदास कुडकुडत म्हणाला.

"तुमी आपल्या गुनानं पडलाव. त्या मुक्याचा काय गुन्हा?"

त्या दिवसापासून मेजर बदलला. मांदेली त्याची गुरू झाली आणि तो तिचा चेला. ती बसली की तो बसायचा, ती उठली की तो उठायचा. ती जेवल्याशिवाय थाळीला तोंड लावायचा नाही. वेणूबाई त्याला आपल्या हातानं भाकरी-कालवण घालायची आणि मांदेली दिवसभर त्याला वलांडीची राखण शिकवायची. एकच गोष्ट तो साहेबाकडून शिकून आला होता. तो चावायचा नाही. संशय आला की माणसाला पाडायचा आणि वर बसायचा.

हे पहिल्यांदा कळलं अंबाजीला. दोघं खरंच नांदतात का हे बघायला तो एकदा कुडातून आत आला आणि बोलता बोलता वलांडीच्या बांबूला टेकला. मांदेली भुंकली. मेजर उठला. पुढच्या क्षणी अंबाजी वाळूत होता आणि त्याच्या छातीवर विलायत बसली होती.

"काढा ह्याला! जुलूम हाय ह्यो, जुलूम!"

शिवदासाला इतकं हसू आलं की त्याला खांबाचा आधार घ्यावा लागला. त्यानं "ऊठ" म्हणून बघितलं, साखळी ओढून बघितली, मेजर ढिम्म. मग आतून वेणूबाई म्हणाली, "ऊठ रे बाबा," तसा तो उठला.

"शिवदास," अंबाजी टोपी झटकत म्हणाला, "होळीच्या दिसाला गाव घेऊन येतो आनि समद्यांच्या म्होरं हार मानतो. नांदला तुझा कुत्रा."

जिंकला की शिवदास! सगळ्या गावाच्या नाकावर टिच्चून जिंकला. होळीच्या दिवशी सकाळपासून तो मिशीला खोबरेल लावत होता. वेणूबाई टोपली घेऊन बाजाराला गेली होती. ऊन चढलं, गाव आडवं झालं, घरात माडी आली. आणि इतक्या दिवसांचा उपास त्याच्या जिभेवर येऊन बसला. कुत्रा कुणी आणला? मी. टिकवला कुणी? मी. बोंबील दर्यातनं काढले कुणी? मीच ना? मग भ्यायचं कुणाला?

तो उठला, ऐटीत वलांडीपाशी गेला, आणि आज सण म्हणून दोन जोड्या काढल्या. मांदेलीपुढे नेहमीसारखी डोकी टाकली. ती खाऊन मांदेली दर्याकडे बघायला लागली. दुसरं एक डोकं त्यानं मेजरपुढे टाकलं. मेजरनं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. सुक्या बोंबलाचा वास त्याला सहन होत नसे. (गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात वाढून हे जनावर लाच खायला शिकलं नाही, हे शिवदासाचं दुर्दैव.)

मग मेजर उठला.

अंबाजी गाव घेऊन आला तेव्हा शिवदास तांडेल पाठीवर पडला होता, दोन्ही हातांत दोन दोन बोंबील, आणि पोटावर मेजर. तेवढ्यात वेणूबाईही रिकामी टोपली घेऊन वाटेवरून आली. गावानं आधी बोंबील पाहिले, मग शिवदासाकडे पाहिलं. चोर कोण ते सांगायची गरजच नव्हती.

आणि तरी बघा, माणूस कसा! त्या अवस्थेत, कुत्र्याच्या खालून, शिवदासानं मान वर केली आणि ओरडला, "बगितलंत? आनला का न्हाय कामाचा कुत्रा?"

"आनलास रे बाबा," अंबाजी म्हणाला. "म्हंजे माज्या म्हाताऱ्या कुत्र्याचं नाव उगीच घेतलंस व्हय?"

"पन कुत्रा नांदला! मिशी माझी ऱ्हायली!"

"ऱ्हाऊ द्या की," वेणूबाई टोपली खाली ठेवत म्हणाली. "चोर वळखायला मेजरला बरी पडंल." आणि वलांडीवरचे सगळे बोंबील उलटेपालटे करून झाल्यावर मग ती म्हणाली, "ऊठ रे बाबा."

रात्रभर गावात होळीपुढे दुसरा विषय नव्हता. पण शिवदासाच्या डोक्यात वेणूबाईचं ते वाक्य घोळत होतं. मेजर मिशीवरून ओळखतो म्हणते काय? बरं! सकाळी धुळवडीच्या गडबडीत तो गुपचूप काशीदच्या न्हाव्याकडे गेला. बापाची मिशी, आज्याची मिशी, ज्या मिशीसाठी तो गावाशी भांडला, दर्यात पडला, ती त्यानं आपण होऊन उतरवली. मिशी माझी आहे, ठेवीन नाही तर काढीन, असं न्हाव्यालाही सुनावलं. दुपारी घरी आला आणि गुळगुळीत तोंडानं सरळ वलांडीपाशी गेला.

मांदेलीनं आपली डोकी घेतली. मेजर उठला, जवळ आला, त्यानं एकदा हुंगलं आणि शिवदासाला पाडून वर बसला.

"वेणू! ए वेणू!"

वेणूबाई दारात आली. खाली वाकून तिनं ते बिनमिशीचं तोंड इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"कोन परका मानूस दिसतोय," ती म्हणाली. "बस रे मेजर तसाच. आमचे धनी घरी आले की बगतील काय करायचं त्ये."